कपाशीत भूत लपते कुठं?

“ताई, समदे भुतं कोकणातच काऊन राह्यतात वं?”

शेजारच्या वहिनी असे प्रश्न कुंपणावरून टाकतात आणि उत्तराची वाट न पाहता सांबाराची जुडी निवडायला घेतात. या प्रश्नाला निमित्त होतं आदल्या रात्रीच्या सिनेमाचं. त्यांच्या पोट्ट्यांनी मोबाइल टीव्हीला जोडून ‘अल्याड पल्याड’ लावला होता. आम्हालाही आमंत्रण होतं, शिवाय फोडणीचा चिवडा. प्रीतम एस. के. पाटलांचा हा मराठी भयपट १४ जून २०२४ ला लागला. एक गाव ठरल्या वेळी तीन दिवसांसाठी रिकामं होतं, कारण त्या दिवसांत तिथं भुतं येतात असा समज. आणि नेमक्या त्याच वेळी शहाणी तरुण पोरं तिथं जाऊन राहतात. पुढचं मी सांगत नाही. ज्यांनी असे चार सिनेमे पाहिलेत त्यांना सांगायची गरजही नाही.

“गौरव मोरे दिसला का मले हासूच येते,” वहिनी म्हणाल्या. “हास्यजत्रेत रोज पाह्यत होतो ना त्याले. आता भुताच्या सिनेमात थो आला, तं भूतच बिचारं त्याले पाहून हासन, असं वाटे. मकरंद देशपांडे मात्र नुसता उभा राह्यला तरी पुरते. त्याले काही कराची गरजच नाही.”

“मग भेव वाटलं की नाही?”

“अर्ध्यापर्यंत वाटलं. मांग वळून पाह्यत होतो. मंग थे भूत समोर आलं आन् समदं गेलं. आमच्या यायले म्हटलं, हे तं गणपतीतल्या देखाव्यासारखं दिसते.”

वहिनींचं परीक्षण इथं संपलं आणि माझ्या मते पूर्ण झालं. पैसे कमी असलेल्या भयपटाचं दुखणं याहून नेमकं सांगता येणार नाही. भूत दाखवायला पैसे लागतात, न दाखवायला लागत नाहीत. आणि ज्यांच्याकडे पैसे नसतात, नेमके तेच ते दाखवायला धावतात.

एवढ्यात वहिनींची मोठी पोट्टी बाहेर आली. ती अकरावीला आहे, म्हणजे असले सिनेमे जिच्यासाठी काढतात त्याच वयाची. तिचा राग भुतावर नव्हताच. तो होता सिनेमातल्या पोरांवर. “काकू, तुम्हीच सांगा. गाव रिकामं आहे, रात्र आहे, आवाज येऊन राहिला. तर सगळे मिळून एका खोलीत बसतील की एकेक जण वेगवेगळा फिरेल? असल्या सगळ्याच सिनेमांत एक जण म्हणतो, ‘तुम्ही थांबा, मी पाहून येतो.’ आम्ही मैत्रिणी तर कॉलेजात पाणी प्यायलाही एकट्या जात नाही!”

तिच्या तक्रारींची यादी लांब होती. मोबाइलची रेंज बरोबर भूत यायच्या वेळी जाते. टॉर्चची बॅटरी संपते, मेकअप संपत नाही. आधी शांतता, मग धाडकन आवाज, मग कळतं की मांजर होती. “आवाजानं दचकवणं म्हणजे घाबरवणं नाही. आमच्या वर्गात कोणी मागून ‘भॉ’ केलं तरी आम्ही दचकतो, म्हणून त्याला कोणी डायरेक्टर म्हणते का?” आणि तरी, ‘मुंज्या’ पाहून आल्यावर हिनंच पंधरवडाभर वहिनींना मागच्या अंगणात सोबतीला नेलं होतं, असं वहिनींनी तिच्यादेखत सांगून टाकलं. पोट्टी लाल झाली. म्हणाली, “थो वेगळा सिनेमा होता.”

वेगळा होता खरा. आदित्य सरपोतदारांचा ‘मुंज्या’ ‘अल्याड पल्याड’च्या एक आठवडा आधी, ७ जून २०२४ ला आला. तो हिंदीत होता, संगणकावर उभं केलेलं भूत होतं, आणि मोठा नट नसताना त्यानं देशात शंभर कोटींच्या वर धंदा केला. मुंज झाल्या झाल्या मेलेला पोरगा पिंपळावर बसतो, ही गोष्ट आपल्याकडच्या प्रत्येक घरात सांगून झालेली. सरपोतदारांनी ती घेतली, कोकणात नेली, आजी म्हणून सुहास जोशींना बसवलं आणि विशीच्या पोरांना पुरेल एवढा वात्रटपणा त्यात घातला. त्याच्या शेजारी ‘अल्याड पल्याड’ लागला, म्हणजे मोठ्या थाळीवाल्याच्या बाजूला आलुबोंड्याची गाडी लागली. पण गाडीवरचा आलुबोंडा चांगला असू शकतो. त्यानं थाळी वाढायला जाऊ नये, एवढंच.

कुंपणाच्या तिसऱ्या बाजूला गुरुजी राहतात. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाले, तरी वर्ग सुटलेला नाही. हातात पेपर धरून ते सगळं ऐकत होते.

“कायद्याचं काय?” त्यांनी पेपरामागूनच विचारलं.

“कोणता कायदा, गुरुजी?”

“२०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा. डॉक्टर दाभोलकरांचा २० ऑगस्टला खून झाला तेव्हा कुठं सरकारनं वटहुकूम काढला आणि डिसेंबरात कायदा केला. सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. इकडे तो कायदा, आणि तिकडे तुमच्या सिनेमात मास्तर खोटा, डॉक्टर खोटा, आणि राख फासलेला बाबा खरा! एका तरी भुताच्या सिनेमात मास्तर बरोबर निघाला असेल तर दाखवा मला.”

यावर कोणाला लगेच उत्तर सुचलं नाही. गुरुजींचा मुद्दा खोटा नव्हता. कायदा सिनेमावर नाही, लोकांना फसवणाऱ्या आणि छळणाऱ्या बुवांवर आहे, हे गुरुजींनाही ठाऊक आहे. पण गोष्टीत बाबाच जिंकायचा, ही आपल्या भयपटांची सवय झाली आहे खरी. मी फक्त एवढंच विचारलं, “गुरुजी, तुम्ही काल किती वेळ पाहिला?”

“पूर्ण पाहिला. अभ्यास म्हणून.”

“शेवट कसा वाटला?”

“उगाच दुसऱ्या भागाची जागा ठेवल्यासारखा.” आणि पेपर पुन्हा वर गेला.

मला स्वतःला ‘लपाछपी’ आवडतो, आणि तो मी वहिनींना पुढच्यासाठी सुचवला. विशाल फुरियांचा, १४ जुलै २०१७ चा. गरोदर बाई, उसाच्या शेतात एक घर, आणि घरात उषा नाईक. पूजा सावंत त्या उसात वाट चुकते तिथं दिग्दर्शकाला काहीच दाखवावं लागत नाही. ऊसच पुरतो. चार हात पुढचं दिसत नाही, पानं सळसळतात, आणि त्या सळसळीचा खर्च शून्य. शिवाय तिथलं भूत उगाच भूत नाही. पोटातल्या मुलींचं काय करतात, त्याचा राग घेऊन ते आलेलं आहे. म्हणून तर फुरियांनीच त्याचा पुढे हिंदीत ‘छोरी’ केला, २०२१ मध्ये, तोही चालला. त्यातल्या भुताची बाजू घ्यावीशी वाटते. गुरुजींचीही तक्रार तिथं कमी झाली असती, कारण त्यातला खरा राक्षस मेलेला नाही, जिवंत आहे.

“ऊस आहे म्हून जमलं,” वहिनी म्हणाल्या. “आपल्या इकडे कुठं जमन? पऱ्हाटी कमरेएवढी, सोयाबीन गुडघ्याएवढं. कपाशीत भूत लपते कुठं?”

“तुरीत!”

हे ओट्यावरून आलं. वहिनींच्या सासूबाई, म्हणजे सगळ्या गल्लीच्या आजी, तिथं बसून फल्लीदाणे निवडत होत्या. “तूर मानसाहून उंच होते, वं. तिच्यात रानडुक्कर लपते, बिबट लपते, भुतानंच काय घोडं मारलं?”

आजींच्या बोलण्यात एक खरी गोष्ट होती, आणि शहरातून गावाचा भयपट काढणाऱ्यांना ती कळत नाही. खेड्यातली रात्र तिथल्या माणसाला परकी नसते. शेतीपंपाला वीज बऱ्याचदा रात्रीच मिळत आली, तेव्हा रात्री दीड वाजता उठून ओलित करायला जाणारा माणूस आर्वी-कारंज्याच्या बाजूला गावोगाव आहे. जागलीवर झोपणारा आहे. त्याला पडद्यावरच्या पिंपळाची भीती घालून काय उपयोग? त्याच्या पायात मण्यार असते, पुढ्यात डुकरांचा कळप असतो आणि सेलू तालुक्यात बोरच्या बाजूचा असेल तर खराखुरा वाघ. बोर २०१४ मध्ये व्याघ्रप्रकल्प झाला. आकारानं लहान, पण वाघाला ते कोणी सांगितलेलं नाही. त्या माणसाला भूत दिसलं तर तो आधी हुश्श करेल.

“आन् दिसलं म्हून सांगितलं तं कोणी आयकत नाही,” वहिनींनी पुस्ती जोडली. “पह्यले तोंडाचा वास घेतात.” आमचा वर्धा जिल्हा १९७५ पासून दारूबंदीचा. तेव्हा रात्री उशिरा वेगळं काही दिसलेल्या माणसाची चौकशी इथं भलत्याच दिशेनं जाते. सेवाग्रामच्या वाटेवर तर भुताचीच पंचाईत आहे. दिसलं की त्याला बसवून कोणी तरी सूत कातायला लावायचं.

पण वहिनींचा पहिला प्रश्न अजून तसाच होता. सगळी भुतं कोकणात का? ‘तुंबाड’ तिकडचा. ‘रात्रीस खेळ चाले’ आकेरीच्या वाड्यात. ‘मुंज्या’ तिकडचा. ‘अल्याड पल्याड’ची कल्पनाही तिकडच्याच प्रथेवरची. मालवण तालुक्यात आचऱ्याची गावपळण प्रसिद्ध आहे. काही वर्षांनी एकदा रामेश्वराचा कौल घेतात आणि सगळं गाव गुरं-ढोरं, कोंबड्या, कुत्री घेऊन तीन दिवस तीन रात्री वेशीबाहेर राहायला जातं. गाव मागे रिकामं. आणि बाहेर? बाहेर झोपड्या घालतात, चुली पेटतात, गाणी-भजनं होतात, पोरं धुडगूस घालतात. जवळजवळ यात्राच ती. सिनेमा मात्र रिकाम्या गावात जाऊन बसतो. मला विचाराल तर खरी गंमत वेशीबाहेर आहे. तीन दिवस शेजाऱ्याच्या अंगाला अंग लावून राहणाऱ्या गावाचं काय काय बाहेर येत असेल, यावर एक भारी सिनेमा निघेल. त्याला भुताची गरज नाही.

आजींनी हे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “आमच्या सासूबाई सांगे. पलेग आला का गाव सोडून वावरात राहाचे लोकं. झोपड्या बांधून. घरात उंदीर मेला का निंघाचं. घरं उघडे, गाव उघडं, कुत्रंही नाही. मंग वापस येतानी भेव वाटे, का घरात काय असन.” दाणे निवडणं थांबलं नाही. “आता त्यायले भूत म्हना का काही म्हना.”

गुरुजींनी पेपर खाली ठेवला. गावपळणीमागे जुन्या साथी असतील का, यावर त्यांचं आणि माझं बराच वेळ चाललं. सिद्ध काहीच करता आलं नाही. पण आजींचं ते एक वाक्य, परत येताना घरात काय असेल, ते आदल्या रात्रीच्या अख्ख्या सिनेमात मला कुठं सापडलं नव्हतं. भीती तिथं होती. भूत येतंय यात नव्हती. आपलंच घर आपल्याला परकं झालंय यात होती.

पोट्टीला मात्र वेगळाच मुद्दा लागला होता. “काकू, कमी पैशात चांगला भूतपट होतच नाही का?”

होतो ना! जगातले गाजलेले भयपट कफल्लक माणसांनीच काढले. १९९९ चा ‘द ब्लेअर विच प्रोजेक्ट’ घ्या. तीन विद्यार्थी कॅमेरा घेऊन जंगलात चेटकिणीचा शोध घ्यायला जातात आणि हरवतात. डॅनियल मायरिक आणि एदुआर्दो सांचेझ या दोघांनी नटांच्याच हातात कॅमेरे दिले, त्यांना रानात सोडलं, आणि दिवसागणिक त्यांचं खाणं कमी केलं, म्हणजे चिडचिड खरी यावी. चेटकीण शेवटपर्यंत दिसत नाही. काटक्यांच्या बाहुल्या तेवढ्या लटकलेल्या. त्यावर जगभरातून जवळपास पंचवीस कोटी डॉलर आले. त्याहून फाटका ‘पॅरानॉर्मल ॲक्टिव्हिटी’. ओरेन पेली यांनी स्वतःच्या घरात, सुमारे १५ हजार डॉलरात तो उरकला. बेडरूममध्ये कॅमेरा लावून ठेवलेला, आणि दार थोडंसं हलतं. बस्स, दारच हलतं.

“दार तं आपलंही हालते,” वहिनी म्हणाल्या. “कडी नाही बसत.”

आपल्याकडेही रामसे बंधू होतेच. त्यांची सुरुवातच मजेदार आहे. वडिलांनी १९७० मध्ये ‘एक नन्ही मुन्नी लडकी थी’ काढला, तो आपटला. पण त्यात पृथ्वीराज कपूर चोरीसाठी भेसूर मुखवटा घालून येतात, तेवढ्या प्रसंगाला लोक किंचाळतात हे मुलांनी थिएटरात बसून पाहिलं. मग अख्खं कुटुंब महाबळेश्वरला गेलं आणि काही लाखांत ‘दो गज जमीन के नीचे’ उरकून आलं, १९७२ साली. भाऊच दिग्दर्शक, भाऊच कॅमेऱ्यामागे, भाऊच आवाजाला, घरच्या बाया स्वयंपाकाला. ‘पुराना मंदिर’मधला १९८४ चा सामरी आमच्या पिढीला स्वप्नात येत असे. त्याचं काम करणारे अनिरुद्ध अग्रवाल हे रुरकीला शिकलेले इंजिनिअर. उंची आणि चेहरा घरचाच, मेकअपचा खर्च वाचला.

“म्हणजे भूतसुद्धा इंजिनिअर!” पोट्टी म्हणाली. “आणि आई म्हणते, इंजिनिअरिंगला स्कोप नाही.”

‘तुंबाड’ स्वस्तात झालेला नाही, राही अनिल बर्वे यांची त्यात वर्षानुवर्षं गेली. पण एक युक्ती त्यातही फुकटची आहे. साखळदंडातली ती म्हातारी, मोहम्मद समद या पोरानं केली. लहानग्या पांडुरंगाचं कामही त्याचंच. लोकांना कळलंही नाही. २०१८ ला तो लागला तेव्हा थिएटरं रिकामी होती. सप्टेंबर २०२४ मध्ये पुन्हा लावला तर पहिल्यापेक्षा जास्त चालला. प्रेक्षकाचं मत म्हणजे हे असं. आज आपण कुंपणावरून ज्याला नावं ठेवतो, त्याला सहा वर्षांनी रांग लावून तिकीट काढतो. वहिनींनीही ‘अल्याड पल्याड’ला एवढं बोलून झाल्यावर विचारलंच, “त्याचा दुसरा भाग आला का वं?”

तर मग आमच्या जिल्ह्यात भयपट काढायचा झाला तर? हा विषय निघाला आणि सांबार बाजूलाच राहिलं. जागांचा तोटा नाही. पवनारला धामच्या काठी जमिनीखाली वाकाटकांच्या काळातलं काय काय निघालंय. विनोबांच्या आश्रमात खणताना मूर्तीच सापडल्या. जुन्या जिनिंग-प्रेसिंगची ओसाड आवारं आहेत. आणि पोट्टीनं काढलेली जागा तर सगळ्यांवर कडी. पुलगाव-आर्वीची छोटी गाडी. पस्तीसेक किलोमीटरची नॅरोगेज, कधीच बंद पडली. “बंद गाडीची शिटी ऐकू येते. एवढंच. गाडी दाखवायचीच नाही.”

“रात्रीचं शूटिंग महाग पडते,” गुरुजी म्हणाले. हे त्यांना कुठून कळलं कोण जाणे, पण खरं आहे. जनरेटर लागतो, मोठाले दिवे लागतात, तेवढ्या माणसांना जागवायचं, खाऊ घालायचं. म्हणून तर पूर्वी दिवसाच काम उरकून भिंगाला निळी काच लावायचे आणि तिला रात्र म्हणायचे.

“रात्र काऊन पाहिजे?” आजी म्हणाल्या. “आमाले दुपारचं भेव दाखवे. बारा वाजता चिचेखाली जाऊ नको. बारा वाजता हिरीवर जाऊ नको.”

आणि मग मला एकदम लख्ख दिसलं, की आमचं भूत आम्हाला का सापडत नाही. आम्ही त्याला रात्री शोधतो. विदर्भाचं भूत दुपारचं आहे! मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे, रस्त्यावर चिटपाखरू नाही, दारं-खिडक्या लावलेल्या, कूलरची घरघर, डांबर मऊ झालेलं, आणि दूरवर रस्त्याच्या टोकाला हवा थरथरते तिथं एक माणूस चालत येतोय. तो जवळही येत नाही आणि लांबही जात नाही. रिकामं गाव पाहायला आचऱ्याला जायला नको, वर्धेत दुपारी दोन वाजता बॅचलर रोडला उभं राहावं. कोकणातला पाऊस, अंधार, माड, कौलं आणि कंदील मागून आणण्याची काही गरज नाही. दिवे नकोत, जनरेटर नको. इथं लपायला जागा नाही, हीच तर भीती. सगळं उघडं आहे, सगळं दिसतंय, आणि तरी ते तिथं आहे.

एवढं मी हातवारे करून सांगितलं. पोट्टी म्हणाली, “काकू, हे भारी आहे. रील करू.”

लगेच वाटप सुरू झालं. कॅमेरा तिचा मोबाइल. आवाजाला तिचा भाऊ, कारण त्याला शिटी येते. आजी स्वतःच्याच भूमिकेत. वहिनींनी खाण्याचं घेतलं आणि त्यात गोरसपाक असेल, असं आधीच जाहीर केलं. भूत कोण, यावर घोडं अडलं. उंच, बारीक, पांढरे कपडे आणि उन्हात सरळ उभं राहू शकेल असं गल्लीत एकच माणूस आहे. सगळ्यांनी पेपराकडे पाहिलं.

“एका अटीवर,” गुरुजी म्हणाले. “शेवटी ते भूत नव्हतं, मृगजळ होतं, असं विज्ञानाच्या मास्तरानं समजावून सांगायचं. आणि मास्तरही मीच.”

“डबल रोल!” पोट्टी ओरडली.

“ते कराल तवा करा,” वहिनी म्हणाल्या, “पन मे महिन्यात भर दुपारी गुरुजींले उभं करान तं मास्तरीनबाई मले सोडनार नाही. सलाइनचे पैसे कोन देईन?”

बजेटचा प्रश्न तिथंच आला. गुरुजी म्हणतात, फेब्रुवारीत करू. पोट्टी म्हणते, फेब्रुवारीत रस्ता थरथरत नाही.